आरोग्याचे आकडे वाचणार कोण?

१६ जून २०२० रोजी महाराष्ट्रातील कोविड मृत्यूंच्या एकूण आकड्यात १,३२८ जुन्या मृत्यूंची एकदम भर पडली. त्यांतले ८६२ एकट्या मुंबईचे होते. ही माणसे त्या दिवशी गेलेली नव्हती. ती आधीच्या आठवड्यांत दगावली होती आणि त्यांच्या नोंदीही कुठे ना कुठे झालेल्या होत्या. चाचण्यांची यादी एका पोर्टलवर, रुग्णालयांचे अहवाल दुसरीकडे, महापालिका आणि जिल्ह्यांची आकडेवारी तिसरीकडे, अशी स्थिती होती. या याद्या एकमेकींशी ताडून पाहण्याचे काम मात्र रोजच्या रोज झाले नव्हते. साडेतीन महिन्यांनी इंग्लंडमध्ये वेगळ्या कारणाने तसेच घडले. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित राष्ट्रीय आकडेवारीतून गळाले. प्रयोगशाळांच्या फाइली एक्सेलच्या जुन्या स्वरूपात घेतल्या जात होत्या आणि त्या स्वरूपात ६५,५३६ ओळींपलीकडे काही मावत नाही. त्या बाधितांना स्वतःचा निकाल कळला, पण त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध काही दिवस सुरूच झाला नाही आणि तेवढ्या काळात साथ पुढे सरकली. या दोन्ही ठिकाणी संगणक होते, इंटरनेट होते, डॉक्टर होते, अभियंतेही होते. आजाराची माहिती कशी वाहते आणि संगणकप्रणाली कशी वागते, या दोन्ही गोष्टी जाणणारा आणि शंका आली तर काम थांबवून विचारण्याचा अधिकार असलेला माणूस मात्र नेमक्या जागी नव्हता. असा माणूस घडवण्याचे काम जगात कसे झाले, भारतात कसे होते आहे आणि महाराष्ट्रात ते कुठे अडले आहे, याचा हा आढावा.

असा माणूस घडवणाऱ्या सार्वजनिक आरोग्य माहितीशास्त्राला स्वतंत्र ज्ञानशाखा म्हणून ओळख मिळाली ती गेल्या तीसेक वर्षांत. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने म्हणजे सीडीसीने या विषयाची दोन वर्षांची फेलोशिप १९९६ मध्ये सुरू केली. विल्यम यास्नॉफ आणि सहकाऱ्यांनी २००० साली या शाखेची व्याख्या मांडली: माहिती व संगणक यांचे शास्त्र आणि तंत्र सार्वजनिक आरोग्याच्या सेवेत, संशोधनात आणि शिक्षणात पद्धतशीरपणे वापरणे. रुग्णालयातल्या संगणकीकरणाहून हे काम वेगळे का, हेही त्यांनी सांगितले. रुग्णालय एका रुग्णाकडे पाहते, सार्वजनिक आरोग्य लोकसमूहाकडे पाहते. रुग्णालयाचा भर उपचारावर, तर इथे प्रतिबंधावर. आणि हे काम बहुतांशी सरकारी चौकटीत, कायद्याच्या आधाराने चालते. पुढे २००५ मध्ये विल्यम हर्श यांच्या पुढाकाराने आरोग्य व्यावसायिकांसाठी 'टेन बाय टेन' नावाचा दूरस्थ अभ्यासक्रम सुरू झाला. २०१० पर्यंत दहा हजार लोक तयार करायचे, हे त्याचे उद्दिष्ट नावातच होते. २००९ मध्ये सीडीसी आणि वॉशिंग्टन विद्यापीठाने या क्षेत्रातल्या माणसाला काय काय यायला हवे, याची क्षमतासूची प्रसिद्ध केली. एवढी तयारी असूनही कोविडने अमेरिकेला उघडे पाडले. २०२१ मध्ये तिथल्या सरकारला आठ कोटी डॉलरचा नवा कार्यक्रम जाहीर करावा लागला. चार वर्षांत चार हजारांहून अधिक लोकांना प्रशिक्षण देण्यासाठी दहा विद्यापीठगटांना निधी मिळाला. पंचवीस वर्षे हा विषय शिकवणाऱ्या देशालाही मनुष्यबळ कमी पडले, कारण तोवर तयार झालेली बरीच माणसे संशोधनात आणि खासगी क्षेत्रात गेली होती, आणि राज्यांच्या व काउंटींच्या आरोग्य कार्यालयांत त्यांच्यासाठी पुरेशा जागाच नव्हत्या. आपल्याकडे अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी.

भारतात आधी प्रणाली आल्या आणि प्रशिक्षण त्यांच्या मागोमाग धावले. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ चा, आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणालीचे म्हणजे एचएमआयएसचे वेब पोर्टल २००८ चे, माता-बालक मागोवा प्रणाली २००९ ची, क्षयरोगासाठीची निक्षय २०१२ ची. त्यानंतर माता-बाल आरोग्याचे आरसीएच पोर्टल आणि आरोग्यसेविकांसाठीचे अनमोल ॲप, २०२१ च्या जानेवारीत कोविड लसीकरणाचे कोविन, मार्चमध्ये पोषण ट्रॅकर, एप्रिलमध्ये एकात्मिक आरोग्य माहिती मंच आणि सप्टेंबरमध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन. प्रत्येक प्रणालीबरोबर प्रशिक्षणाची एक लाट आली आणि तिचा साचा ठरलेला होता. दिल्लीत किंवा राज्याच्या ठिकाणी मुख्य प्रशिक्षक तयार करायचे, त्यांनी जिल्ह्याला शिकवायचे, जिल्ह्याने तालुक्याला, तालुक्याने प्राथमिक आरोग्य केंद्राला. शेवटी मासिक बैठकीतल्या तास-दीड तासात आरोग्यसेविका आणि आशांपर्यंत ते पोहोचायचे. प्रत्येक पायरीला काही गळत जाते. तळाशी उरते ते एवढेच: लॉगिन कसे करायचे, कोणता रकाना सक्तीचा आहे, माहिती कधीपर्यंत भरायची. वरच्या टोकालाही प्रशिक्षण असते, पण ते डॅशबोर्ड पाहण्याचे. कोणता जिल्हा हिरवा, कोणता लाल, कोणाचे अहवाल शंभर टक्के आले, हे तिथे समजते. खाली माहिती भरायला शिकवले जाते, वर रंग पाहायला शिकवले जाते. मधल्या जिल्हा आणि तालुका पातळीवर त्या माहितीला प्रश्न विचारणारे, तिच्यातला खोटेपणा ओळखणारे आणि गरज पडली तर नमुनाच बदलायला लावणारे कोणी तयार केले जात नाही. ही मधली पायरी भरल्याशिवाय आरोग्य क्षेत्रातल्या माहिती तंत्रज्ञानावर होणारा खर्च लोकांच्या आरोग्यात उतरणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

मधल्या पायरीवरच्या माणसाला नेमके काय यायला हवे, हे पाहिले की 'संगणक साक्षरता' हा शब्द किती अपुरा आहे ते कळते. मासिक अहवालात एखादा रकाना रिकामा असतो. त्या महिन्यात तशी घटना घडली नाही, की ती कोणी मोजलीच नाही? शून्य आणि रिकामा रकाना यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण बेरीज करताना दोन्ही सारखेच ठरतात. एचएमआयएसच्या आकडेवारीतला हा जुना, वारंवार नोंदवला गेलेला दोष आहे. लसीकरण ११० टक्के झाले असे दिसते तेव्हा भाजकातली लोकसंख्या कोणत्या वर्षाची धरली आहे, हा पहिला प्रश्न हवा. पावसाळ्यात एका तालुक्यात डेंग्यूचे रुग्ण अचानक वाढलेले दिसतात. ती साथ आहे, की तिथे नवी प्रयोगशाळा जोडली गेली आहे? रोग सर्वेक्षणात आरोग्य कर्मचाऱ्याने लक्षणांवरून भरलेला एस नमुना, डॉक्टरने निदानाच्या अंदाजाने भरलेला पी नमुना आणि प्रयोगशाळेचा एल नमुना असे तीन प्रवाह असतात. त्यांतला एक चढतो आणि बाकीचे दोन स्थिर राहतात तेव्हा त्याचा अर्थ लावणे हे शिकण्याचे काम आहे. मृत्यूच्या कारणांचे उदाहरण तर याहून गंभीर आहे. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंची कारणे वैद्यकीय दृष्ट्या प्रमाणित झालेली होती. जी होतात त्यांतही 'हृदयक्रिया बंद पडली' असे लिहिलेले प्रमाणपत्र कमी नसते. हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते. त्यामागे क्षय होता, मधुमेह होता की सर्पदंश होता, हे चौथ्या क्रमांकाच्या नमुन्यात क्रमवार लिहायला डॉक्टरला शिकवले नसेल, तर त्यावर उभारलेली कितीही आधुनिक संगणकीय वर्गवारी पोकळ ठरते.

आणि काही प्रश्न असे आहेत की ते आपल्याच समाजाला माहीत असतात. गर्भवतीची नोंद सासरच्या उपकेंद्रात होते, बाळंतपण माहेरी. माहेर दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. सासरच्या यादीत ती 'पाठपुरावा तुटलेली' दिसते आणि माहेरच्या यादीत 'पूर्वनोंदणी नसलेली'. दोन्हीकडच्या आरोग्यसेविकांवर ठपका येतो, प्रत्यक्षात त्या बाईला सेवा नीट मिळालेली असते. दुसरीकडे तिची नोंद दोनदा होऊन गर्भवतींचा आकडा फुगण्याचाही संभव असतो. तिचे नाव एका ठिकाणी माहेरच्या आडनावाने आणि दुसरीकडे सासरच्या आडनावाने लिहिलेले असते. रोमन लिपीत तेच नाव तीन वेगळ्या स्पेलिंगने उमटते आणि संगणकाच्या लेखी त्या तीन स्त्रिया ठरतात. बीडहून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी कुटुंबे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असतात. त्यांच्या मुलांच्या लसी, गर्भवतींच्या तपासण्या, क्षयरुग्णांच्या गोळ्या या सगळ्यांचा हिशेब जिल्ह्याच्या सीमेवर तुटतो. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा चौदा आकडी आरोग्य ओळख क्रमांक म्हणजे आभा क्रमांक यावर उत्तर ठरू शकतो, पण तो क्रमांक कोणत्या क्षणी कोणी विचारायचा, कारखान्याच्या तळावर नेटवर्क नसेल तर काय करायचे, स्थलांतराच्या आधी कोणती यादी कोणत्या जिल्ह्याला पाठवायची, हे ठरवण्यासाठी ऊसतोडीचा हंगामही कळावा लागतो आणि माहितीच्या जोडणीचे शास्त्रही. बाहेरून आणलेला कुशल अभियंता यातले पहिले जाणत नाही. तीस वर्षे नोकरी झालेला आरोग्य पर्यवेक्षक दुसरे जाणत नाही. प्रशिक्षणाचा खरा विषय या दोघांच्या मधला आहे.

हे केवळ तर्काने सुचलेले नाही. अकील, लिपेवेल्ड आणि होझुमी यांनी २००९ मध्ये मांडलेली 'प्रिझम' चौकट आज नियमित आरोग्य माहितीच्या मूल्यमापनात सर्रास वापरली जाते. माहितीचा दर्जा आणि वापर तीन गोष्टींवर ठरतो, असे ती सांगते: तंत्र, संघटना आणि माणसांचे वर्तन. आपल्या प्रशिक्षणांचा जवळजवळ सगळा भर पहिल्यावर असतो. झांझिबारमधला अनुभव याहूनही बोलका आहे आणि तो २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तिथे व्याख्यानांऐवजी दर तिमाहीला जिल्ह्यांच्या कार्यशाळा घेतल्या गेल्या. प्रत्येक जिल्ह्याच्या चमूने आपलीच आकडेवारी सगळ्यांपुढे मांडायची आणि इतर जिल्ह्यांच्या सहकाऱ्यांनी तिची चिकित्सा करायची. न जुळणाऱ्या बेरजा, अशक्य वाटणारे टक्के, गहाळ अहवाल हे सगळे बरोबरीच्या माणसांसमोर उघड होऊ लागले आणि पुढच्या तिमाहीत ते दुरुस्त होऊन येऊ लागले. महत्त्वाचे म्हणजे तिथल्या चर्चेतून नमुनेही बदलले, निरुपयोगी रकाने वगळले गेले. या कार्यशाळा ज्या डीएचआयएस या जिल्हा आरोग्य माहिती प्रणालीभोवती उभ्या होत्या तिचा उगम वर्णभेदोत्तर दक्षिण आफ्रिकेतला. तिची आजची वेब आवृत्ती डीएचआयएस-२ प्रथम वापरली गेली ती २००६ मध्ये केरळात, आणि आज ती सत्तरहून अधिक देशांत चालते. म्हणजे तंत्र आपल्या अंगणातून जगभर गेले, पण त्याभोवती विकसित झालेली शिकण्याची पद्धत आपण पुरेशी उचलली नाही.

महाराष्ट्राला तर याबाबत परक्या उदाहरणांची गरजही नाही. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकांची तपासणी आणि नोंदी शिकवल्या, त्या नोंदींची स्वतंत्रपणे फेरतपासणी केली, आणि त्या भक्कम आकडेवारीच्या जोरावर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष मांडता आला. हातात कागद आणि पेन्सिल होती, संगणक नंतर आला. २००१ च्या 'कोवळी पानगळ' अहवालाने राज्यातल्या बालमृत्यूंचा मोठा भाग सरकारी नोंदींत येतच नाही, हे दाखवून दिले आणि शासनाला ते मान्य करून पावले उचलावी लागली. त्या अहवालामागची ताकद गावोगाव प्रत्यक्ष मोजलेले जन्म-मृत्यू आणि ते मोजणाऱ्यांचे शिक्षण ही होती. कोविडच्या काळात मुंबई महापालिकेने २४ विभागांत वॉर्ड वॉर रूम उभारल्या, तेव्हाही तोच धडा मिळाला. चाचणीचे निकाल आधी पालिकेकडे, तिथून विभागाकडे, विभागातल्या डॉक्टरांनी रुग्णाला फोन करायचा आणि खाट द्यायची की घरीच ठेवायचे ते ठरवायचे. एक साधी यादी, पण ती वाचणारा आणि तिच्यावर निर्णय घेणारा माणूस एकाच खोलीत होता. म्हणूनच ती व्यवस्था चालली.

या मांडणीवर काही आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की पुणे-मुंबईत सॉफ्टवेअर अभियंत्यांची वाण नाही. आरोग्यवाल्यांना संगणक शिकवत बसण्यापेक्षा त्यांना नेमावे. अभियंते हवेतच, पुण्यात सी-डॅकमध्ये तर आरोग्यनोंदींच्या मानकांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र आहे आणि स्नोमेड सीटीसारख्या संज्ञाकोशाचे देशातले काम तिथून चालते. पण अभियंता त्याला सांगितलेला प्रश्न सोडवतो. प्रश्न चुकीचा सांगितला गेला तर उत्तरही अचूकपणे चुकीचे येते. पोषण ट्रॅकरच्या वेळी हेच झाले. इंग्रजी ॲप आणि जुने, कमी क्षमतेचे मोबाइल अंगणवाडी सेविकांच्या हाती होते. २०२१ मध्ये महाराष्ट्रभर सेविकांनी ते मोबाइल परत केले आणि ॲप मराठीत असावे हा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्या बाईला रोज वजन-उंची नोंदवायची आहे तिची भाषा कोणती, हा तंत्राचा अवघड प्रश्न नव्हता. तो वेळेवर विचारणारा कोणी आखणीच्या टेबलावर नव्हता. सेविका 'तंत्रज्ञानाला विरोध' करतात, असे त्या वेळी म्हटले गेले. ते त्यांच्यावर अन्याय करणारे होते.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. ॲप दिवसेंदिवस सोपी होत चालली आहेत, कृत्रिम बुद्धिमत्ता स्वतःच आकड्यांतली विसंगती शोधील, मग माणसांना कशाला शिकवायचे? याचे उत्तर गूगल फ्लू ट्रेंड्सने आधीच दिले आहे. लोक इंटरनेटवर काय शोधतात यावरून फ्लूचा अंदाज बांधणारी ही सेवा २००८ मध्ये आली आणि तिचे मोठे कौतुक झाले. २००९ ची स्वाइन फ्लूची पहिली लाट तिला ओळखता आली नाही. २०१२-१३ च्या हंगामात तिने दाखवलेले प्रमाण सीडीसीच्या आकड्यांच्या दुपटीहून अधिक निघाले आणि २०१५ मध्ये ती बंद झाली. ही चूक उघडकीला आली ती सीडीसीकडे डॉक्टरांकडून येणारी, माणसांनी तपासलेली जुनी पद्धतशीर आकडेवारी होती म्हणून. यंत्राचा अंदाज ताडून पाहायला स्वतंत्र माहिती आणि ती समजणारा माणूस दोन्ही लागतात. यंत्र जितके हुशार होत जाईल तितकी त्याची चूक ओळखणे अवघड होईल, म्हणून या प्रशिक्षणाची गरज वाढतच जाणार आहे. खालून येणाऱ्या नोंदीच सदोष असतील तर त्यांच्यावर शिकलेली प्रणाली तेच दोष आत्मविश्वासाने परत करील.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. ज्या राज्यात उपकेंद्रांत आरोग्यसेविकांच्या जागा रिकाम्या राहतात, औषधे वेळेवर पोहोचत नाहीत, तिथे माहितीशास्त्राच्या प्रशिक्षणावर पैसा घालणे ही चैन नाही का? आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या आंदोलनांत ऑनलाइन कामाच्या बोजाची तक्रार पुन्हा पुन्हा येते आणि ती खरी आहे. एकच गर्भवती रजिस्टरात, मग आरसीएच पोर्टलवर, मग पोषण ट्रॅकरवर, मग आभा क्रमांकासाठी, अशी पुन्हा पुन्हा भरली जाते. त्यात गेलेला वेळ घरभेटींतून कापला जातो. पण हा बोजा कमी कोण करणार? वरच्या कार्यालयाला प्रत्येक रकाना आवश्यक वाटतो आणि खालच्या आरोग्यसेविकेला नकार देण्याचा अधिकार नाही. ही माहिती आधीच दुसऱ्या प्रणालीत आहे, ती तिथून घ्या, हे रकाने गेल्या दोन वर्षांत कोणी वाचलेले नाहीत, ते काढून टाका, असे पुराव्यानिशी सांगू शकणारा प्रशिक्षित अधिकारी जिल्ह्यात असेल तर आरोग्यसेविकेचे तास वाचतील. औषधांचा साठा कुठे संपत आला आहे हेही त्यालाच आधी कळेल. म्हणून मधल्या पायरीवरचे प्रशिक्षण हे सेवेच्या आड येणारे काम मानू नये, सेवेचा वेळ परत मिळवण्याचा तो एक मार्ग आहे. मात्र याची अट अशी, की प्रशिक्षणाची परीक्षा किती लोक हजर होते यावर न होता किती रकाने कमी झाले आणि किती निर्णय बदलले यावर व्हावी.

उरतो तो टिकण्याचा प्रश्न. माणूस तयार होतो आणि त्याची बदली होते. जिल्हा सर्वेक्षण कक्षातले डेटा मॅनेजर राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी असतात आणि चांगली संधी आली की निघून जातात. हा आक्षेप पूर्ण खरा आहे आणि अभ्यासक्रम सुधारून तो सुटणार नाही. साथरोगशास्त्राच्या प्रशिक्षणाने यावर मार्ग काढून दाखवला आहे. अलेक्झांडर लँगमूर यांनी १९५१ मध्ये अमेरिकेत साथरोग गुप्तवार्ता सेवा सुरू केली, तेव्हापासून त्या पद्धतीत शिकणारा माणूस दोन वर्षे प्रत्यक्ष आरोग्य यंत्रणेतच काम करतो, खऱ्या साथींचा तपास करतो आणि मार्गदर्शकाच्या हाताखाली तयार होतो. भारतात चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था आणि दिल्लीचे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र या धर्तीवर वर्षानुवर्षे माणसे घडवत आहेत. माहितीशास्त्राला तोच साचा लागू करता येईल, पण शिकून आलेल्यासाठी नियमित पद आणि बढतीची वाट हवी. केंद्राने २०२२ मध्ये राज्यांना सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापन संवर्ग उभारण्याची मार्गदर्शक सूचना दिली. त्या संवर्गात आरोग्य माहिती अधिकारी ही स्वतंत्र, कायम जागा असावी. पद नसताना पदविका सुरू केली तर तिचे पदवीधर खासगी रुग्णालयांत आणि विमा कंपन्यांत जातील. अमेरिकेचा हा अनुभव घेऊन झाला आहे.

एका विषयाला आपल्या प्रशिक्षणांत जवळजवळ स्थानच नाही, तो म्हणजे गोपनीयता. एचआयव्ही कायदा २०१७ चा आहे आणि तो रुग्णाची ओळख उघड करण्यास मनाई करतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, पण त्यात आरोग्यविषयक माहितीला अधिक संवेदनशील असा वेगळा दर्जा दिलेला नाही. त्यामुळे जबाबदारी कर्मचाऱ्यांच्या जाणिवेवर अधिकच येऊन पडते. पहिल्या टाळेबंदीत अनेक शहरांत विलगीकरणातल्या लोकांच्या नावपत्त्यांच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरल्या. त्या फिरवणाऱ्यांत वाईट हेतूचे थोडेच असतील. यादी सोयीच्या गटावर टाकणे हा तिथला सरावच होता. क्षयरुग्णाचे नाव गावात फुटले तर तो औषध घ्यायला येणे थांबवतो आणि मग निक्षयवरची नोंद कितीही पूर्ण असली तरी रोग पसरतोच. कोणती माहिती नावासह लागते, कोणती नाव काढून पुरते, एका गावात एकच रुग्ण असेल तर नाव काढूनही तो ओळखला जातो, हे शिकवायला एक दिवस पुरेसा आहे. तो एक दिवसही आपण दिलेला नाही.

महाराष्ट्रात हे उभे करायला लागणारी साधने विखुरलेली असली तरी आहेत. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ, देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, टाटा समाजविज्ञान संस्था, पुण्याचे सी-डॅक, वैद्यकीय महाविद्यालयांचे जनऔषधवैद्यकशास्त्र विभाग आणि सेवाग्रामपासून गडचिरोलीपर्यंतचा स्वयंसेवी संस्थांचा अनुभव. लोकसंख्याशास्त्रज्ञाला भाजक कळतो, सी-डॅकला मानके कळतात, सेवाग्रामला गाव कळते. या सगळ्यांना एका दोन वर्षांच्या सेवांतर्गत अभ्यासक्रमात आणणे हे प्रशासकीय काम आहे, त्यासाठी नव्या शोधाची गरज नाही. अभ्यासक्रमाचा बहुतेक काळ शिकणाऱ्याच्या स्वतःच्या जिल्ह्यात जावा, शिकवण्याची भाषा मराठी असावी आणि प्रत्येकाने एक खरी अडचण सोडवून दाखवल्याशिवाय त्याला प्रमाणपत्र मिळू नये. अडचण कोणतीही चालेल: माहेर-सासरच्या दुबार नोंदी, ऊसतोड तळांवरचे लसीकरण, मृत्यू प्रमाणपत्रांतली निरर्थक कारणे. राज्यात ३४ जिल्हा परिषदा आहेत. प्रत्येकीतून दोन माणसे घेतली तरी पहिली तुकडी सत्तरच्या आतच राहते. राज्याच्या आरोग्य खर्चाच्या तुलनेत हा भार नगण्य आहे.

तोवर थांबायचेही कारण नाही. जिल्हा आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी पुढच्या प्रशिक्षणाचे पत्र काढताना त्यात एक ओळ वाढवावी: येताना प्रत्येकाने आपल्या आरोग्य केंद्राची गेल्या तीन महिन्यांची आकडेवारी छापून आणावी. दिवसाचा पहिला अर्धा भाग नव्या ॲपचा पडदा दाखवण्यात न घालवता ती आकडेवारी शेजारच्या केंद्राच्या सहकाऱ्याकडून तपासून घ्यावी, आणि सापडलेल्या चुकांची व काढून टाकण्याजोग्या रकान्यांची यादी त्याच संध्याकाळी जिल्ह्याला लेखी पाठवावी. यासाठी निधी, निविदा किंवा मंत्रालयाची परवानगी लागत नाही.